कर्ज थकलंय? लपू नका. वसुलीवाल्यांसमोरचे तुमचे हक्क आणि नादारीचा कायदा

गेल्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही. घरी गेलो तर दाराला बाहेरून कुलूप. शेजारीण हळूच म्हणाली, "सर, आतच आहेत सगळे." वसुलीवाले यायची वेळ झाली की ती बाहेरून कुलूप लावायची आणि ही मंडळी आत दिवे बंद करून, लेकरांना गप्प करून बसायची. बापाचं काम सुटलेलं, आईच्या नावावर बचत गटातून घेतलेलं कर्ज, आणि वर दोन मोबाइल अ‍ॅपची उधारी.

त्या घराला दोन लाजा होत्या. एक अब्रूची. दुसरी, व्याजाचं कर्ज घेतलं ही. म्हणून त्यांनी ना नातेवाइकांना सांगितलं, ना मशिदीच्या इमामसाहेबांना, ना वकिलाला. आपल्या समाजात असं बऱ्याच घरांत होतं. माणूस लपतो, आणि लपलेल्या माणसाला धमकावणं सोपं जातं. म्हणून हा लेख. व्याज घेणं-देणं बरोबर की चूक, हा विषय इथे नाही. त्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे. कर्ज झालेलं आहे आणि फेडणं जमत नाही, अशा घराने काय करायचं, एवढंच इथे सांगायचं आहे.

कर्ज थकणं हा गुन्हा आहे का?

नाही. पैसे नाहीत म्हणून हप्ता थकला तर ती दिवाणी बाब आहे. बँक किंवा कंपनी दिवाणी दावा लावू शकते, तारण ठेवलेली वस्तू कायद्याने ताब्यात घेऊ शकते. पण "उद्या पोलीस येऊन उचलतील" ही धमकी खोटी आहे. कर्जवसुली हे पोलिसांचं काम नाही.

कोर्टाचा हुकूमनामा झाल्यावरसुद्धा केवळ गरिबीमुळे कोणाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये केरळमधून आलेल्या एका खटल्यात हे स्पष्ट केलं आहे: पैसे असूनही बेइमानीने न देणारा वेगळा आणि खरोखर हात रिकामे असलेला वेगळा. आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईमाणसाला तर अटक करताच येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ मध्ये तसं साफ लिहिलं आहे.

मात्र दोन ठिकाणी प्रकरण फौजदारी होतं, ते लक्षात ठेवा.

पहिलं, चेक. तुम्ही दिलेला चेक बाउन्स झाला तर पराक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ लागतं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यावर समोरच्याने ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची असते आणि नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला १५ दिवस मिळतात. त्या १५ दिवसांत पैसे भरले तर खटला उभा राहत नाही. म्हणून रजिस्टर पोस्टाची नोटीस घ्यायला नकार देऊ नका, उघडून वाचा. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तर त्यालाही अशाच स्वरूपाचं कलम आहे, २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्यातलं कलम २५. आणि कोऱ्या चेकवर सही करून कोणालाही देऊ नका, मग तो सख्खा मामू का असेना.

दुसरं, फसवणूक. खोटी कागदपत्रं देऊन कर्ज घेतलं, तारण ठेवलेली गाडी गुपचूप विकली, तर गुन्हा दाखल होऊ शकतो.

वसुली एजंटने काय करायचं नाही

बँक, सहकारी बँक, फायनान्स कंपनी, सगळ्यांना रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ते पुन्हा ठासून सांगितले. थोडक्यात असे:

– थकलेल्या हप्त्यासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. दिवसासुद्धा सारखे सारखे फोन करून छळायचं नाही.
– शिवीगाळ, धमकी, अंगावर हात टाकणं, काहीही चालणार नाही.
– चारचौघांत अपमान करायचा नाही. घरचे लोक, मित्र, संदर्भ म्हणून नाव दिलेली माणसं यांच्या खासगी आयुष्यात घुसायचं नाही.
– मोबाइलवर किंवा सोशल मीडियावर अश्लील, अपमानकारक मेसेज, फोटो पाठवायचे नाहीत.
– खोटं सांगायचं नाही. "मी कोर्टातून आलोय", "वॉरंट निघालंय" हे सगळं यात येतं.

वसुलीचं काम कोणत्या एजन्सीकडे दिलं आहे हे बँकेने तुम्हाला कळवायचं असतं. एजंटजवळ ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असलं पाहिजे. दारात आला की पहिला प्रश्न हाच: "भाऊ, कार्ड दाखवा, बँकेचं पत्र दाखवा." दाखवलं नाही तर बोलणं तिथेच थांबवा. घरात घेण्याची सक्ती तुमच्यावर नाही. "घरात पुरुषमाणूस नाही, बँकेत येऊन बोलू," एवढं दारातूनच सांगता येतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं: एजंटने काही गैर केलं तर त्याची जबाबदारी बँकेवर किंवा कंपनीवरच असते. "तो आमचा माणूस नाही, एजन्सीचा आहे" असं म्हणून त्यांना हात झटकता येत नाहीत.

एजंटच्या हातात रोख देऊ नका. द्यावीच लागली तर छापील पावती त्याच क्षणी घ्या. शक्यतो पैसे थेट कर्जखात्यातच भरा.

बचत गट आणि मायक्रोफायनान्स

आपल्या मोहल्ल्यांत सगळ्यात जास्त त्रास इथेच आहे. विनातारण छोटं कर्ज, बाईच्या नावावर, दर आठवड्याला किंवा महिन्याला मीटिंग. यासाठी रिझर्व्ह बँकेचे वेगळे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं विनातारण कर्ज हे मायक्रोफायनान्स कर्ज.

यात वेळ आणखी कडक आहे: सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही. वसुली ठरलेल्या जागीच व्हायला हवी. त्या जागी तुम्ही लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आला नाहीत, तरच घरी किंवा कामाच्या ठिकाणी यायची मुभा आहे. नातेवाईक, मैत्रिणी, सोबत काम करणारे यांना त्रास देणं, कर्जदाराचं नाव जाहीर करणं, कर्जाचा आकडा किंवा परिणाम फुगवून सांगणं, हे सगळं मना आहे. मीटिंगमध्ये एका बाईला रात्रीपर्यंत बसवून ठेवणं, दुसऱ्या बायकांना तिच्या दारात नेऊन बसवणं, हे प्रकार आपण पाहतो. ते सहन करायची गरज नाही.

आणखी एक नियम: घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, हे पाहणं कर्ज देणाऱ्याचं काम आहे. म्हणजे १४ हजार कमावणाऱ्या घरावर सगळे मिळून ७ हजारांपेक्षा जास्त हप्ता बसता कामा नये. याउपर कर्ज दिलं असेल तर तक्रारीत हा मुद्दा जरूर लिहा. आणि हे कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही.

मोबाइल अ‍ॅपचं कर्ज

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अ‍ॅपवाल्या कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्या बँक खात्यात आले पाहिजेत, एकूण खर्च सांगणारं पत्रक आधी मिळालं पाहिजे, आणि अ‍ॅपने तुमची फोनबुक, फोटो, कॉल लॉग यांना हात लावता कामा नये. जे अ‍ॅप संपर्क यादी मागतं ते टाळाच. फोटो विकृत करून नातेवाइकांना पाठवायची धमकी आली तर पैसे भरून ती थांबत नाही, वाढते. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा, स्क्रीनशॉट ठेवा. कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेलीच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" पोर्टलवर तक्रार करता येते.

खासगी सावकार

महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे. शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानाधारकालाही मनाला येईल तो दर लावता येत नाही. शासनाने ठरवलेले वार्षिक दर असे: शेतकऱ्याला तारणावर ९ टक्के, विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के. चक्रवाढ व्याज मना आहे, आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलाच्या पुढे जाता कामा नये.

आता हिशेब करा. गल्लीत "शेकडा १० रुपये" महिन्याला चालतं. म्हणजे वर्षाला १२० टक्के. ज्या माणसाने २० हजारांवर दोन वर्षं महिना २ हजार भरले, त्याने ४८ हजार दिले आणि त्याचं मुद्दल जागच्या जागी आहे.

तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था या कार्यालयात किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी करायची. अवैध सावकाराने कर्जापोटी घर किंवा जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ती परत द्यायचा आदेश देऊ शकतात. नावाला "खरेदीखत" असलं तरी.

घर, गाडी, पगार: काय जाऊ शकतं, काय नाही

घर तारण असेल तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याने कोर्टात न जाताही ताबा घेऊ शकते, पण पायरीपायरीने. हप्ता ९० दिवस थकला की खातं बुडीत वर्गात जातं. मग ६० दिवसांची नोटीस. त्या नोटिशीला तुम्ही लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायलाच हवं. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. ६० दिवसांची नोटीस आली की घरात भांडत बसू नका. हेच दिवस तडजोडीसाठी सोन्याचे असतात.

गाडी रस्त्यात अडवून गुंडांकरवी ओढून नेणं बेकायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बँकांना यावरून खडसावलं आहे. पण करारात ताब्याचं कलम असेल तर रीतसर नोटीस देऊन गाडी घेता येते.

विनातारण कर्जात कोर्टाचा हुकूमनामा झाल्याशिवाय घरातल्या एका भांड्यालाही कोणी हात लावू शकत नाही. हुकूमनामा झाल्यावरही अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि बी-बियाणं, भविष्य निर्वाह निधी, विम्याची रक्कम हे जप्त होत नाही. शिलाई मशीनवर पोट असलेल्या बाईने हे पाठ करून ठेवावं. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. १६ हजार पगार असेल तर ११ हजार सुरक्षित. जप्ती जास्तीत जास्त ५ हजारांची, आणि तीसुद्धा एका हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिनेच.

बायको, मुलं, जामीनदार

नवऱ्याच्या कर्जाला बायको जबाबदार नाही, जोवर तिने सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केलेली नाही. महर आणि तिचे स्वतःचे दागिने तिची मालमत्ता आहे. न दिलेली महर हे उलट नवऱ्यावरचं कर्ज आहे, आणि तो वारला तर इतर देण्यांसारखी तीही मिळकतीतून द्यायची असते.

बाप वारला तर मुलांवर त्याचं कर्ज येतं ते त्याने मागे ठेवलेल्या मिळकतीपुरतंच. आपल्या वारसा कायद्याप्रमाणे दफनविधीचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि त्यानंतर वाटणी. मिळकतच नसेल तर मुलाच्या स्वतःच्या पगारातून ते वसूल करता येत नाही. मुलाने आपखुशीने, बापाच्या रूहला आराम म्हणून फेडलं तर ती त्याची नेकी.

जामीनदाराचं मात्र तसं नाही. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँक आधी कर्जदाराकडे जाईल मग माझ्याकडे, असं काही नाही. ती थेट तुमच्याकडे येऊ शकते. जामीन राहणं म्हणजे कर्ज घेणंच, असं समजून सही करा.

नादारी म्हणजे काय?

देणी इतकी झाली की कुठल्याच मार्गाने फिटत नाहीत, तेव्हा कायद्यात शेवटचा दरवाजा आहे: नादारी, म्हणजे दिवाळखोरी. आपण उर्दूत "मुफलिस" म्हणतो तो शब्द आणि इस्लामी फिकहमधला "इफलास" एकाच मुळातून आले आहेत. काझीसमोर कर्जदाराची मालमत्ता देणेकऱ्यांत वाटण्याचा रिवाज आपल्याकडे जुना आहे.

लोक विचारतात, "२०१६ चा नवा कायदा आला ना?" आला. पण त्यातला व्यक्तींसाठीचा भाग आतापर्यंत फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला आहे, १ डिसेंबर २०१९ पासून. त्यात अगदी गरिबांसाठी ३५ हजारांपर्यंतची देणी माफ करण्याची तरतूद लिहिलेली आहे, पण ती सुरू झालेली नाही. म्हणून कोणी एजंट "नव्या कायद्यात कर्ज माफ करून देतो, ५ हजार द्या" म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

सामान्य माणसाला आजही जुने इंग्रजांच्या काळातले कायदेच लागतात: मुंबई शहरासाठी १९०९ चा, मुंबई उच्च न्यायालयात, आणि बाकी महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, जिल्हा न्यायालयात किंवा तसा अधिकार दिलेल्या दिवाणी न्यायालयात. १९२० च्या कायद्याप्रमाणे वाट अशी असते:

१. अर्ज. देणी ५०० रुपयांच्या वर असतील आणि फेडता येत नसतील तर कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. अर्जात सगळ्या देणेकऱ्यांची नावं, पत्ते, रकमा आणि स्वतःची सगळी मालमत्ता लिहायची. एकही लपवायची नाही.

२. सुनावणी. देणेकऱ्यांना नोटीस जाते. फेडणं खरंच शक्य नाही, हे सकृतदर्शनी दाखवावं लागतं.

३. नादार घोषित होणं. यानंतर मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. जप्तीतून सुटणाऱ्या वर सांगितलेल्या वस्तू यातही सुटतात. आता कोणताही साधा देणेकरी कोर्टाच्या परवानगीशिवाय वेगळी कारवाई करू शकत नाही. अटकेपासून संरक्षणाचा आदेशही मागता येतो. पण तारण असलेली बँक आपल्या तारणावर जाऊ शकते; तिला हे अडवत नाही.

४. वाटप किंवा तडजोड. मालमत्ता विकून प्रमाणात वाटप होतं. किंवा कर्जदार तडजोडीचा प्रस्ताव देतो. देणेकऱ्यांपैकी बहुसंख्य आणि रकमेने तीन चतुर्थांश तयार झाले आणि कोर्टाने मान्य केलं तर तो सगळ्यांना लागू.

५. मुक्तता. कोर्टाने दिलेल्या मुदतीत मुक्ततेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर सगळी मेहनत वाया जाते. मालमत्ता रुपयाला आठ आणेही नसेल, तर "हे माझ्या चुकीने झालेलं नाही" हे कोर्टाला पटवावं लागतं. आजारपण, धंद्याला लागलेली आग, काम बंद पडणं यांचे कागद इथे कामी येतात. जुगार, उधळपट्टी, हिशेब न ठेवणं हे विरुद्ध जातं.

मुक्ततेनंतरही सरकारी देणी, फसवणुकीतून झालेली देणी आणि पोटगी सुटत नाही. आणि जामीनदार सुटत नाही. तुम्ही मोकळे झालात तरी ज्याने तुमच्यासाठी सही केली तो अडकलेलाच राहतो. हे आधी त्याला सांगायची हिंमत ठेवा.

मुक्तता होईपर्यंत काही बंधनंही असतात. नादार असल्याचं न सांगता ५० रुपयांचीसुद्धा उधारी घेतली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. निवडणूक लढवता येत नाही. मधल्या काळात वारशाने काही मिळालं तर तेही वाटपात जातं. आणि नादार होण्याच्या आधीच्या दोन वर्षांत घर बायकोच्या नावावर "हिबा" करून ठेवलं असेल तर कोर्ट तो व्यवहार रद्द करू शकतं.

माझं साधं मत: दोन-तीन छोट्या कर्जांसाठी नादारीच्या वाटेला जाऊ नका. प्रकरण वर्षानुवर्षं चालतं. अनेक देणेकरी, हुकूमनामे, जप्त्या मागे लागल्या असतील तरच वकिलाला विचारा.

त्याआधी करायच्या गोष्टी

एक. वहीत सगळं लिहा: कोणाचं किती, व्याज किती, आतापर्यंत किती भरलं, तारण काय, जामीन कोण. भिशीचे आणि नातेवाइकांचेही लिहा. सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायचा हुकूम आहे. आपण भावाभावांत लिहायला लाजतो आणि तिथूनच भांडणं सुरू होतात.

दोन. बँकेला लेखी अर्ज द्या: काम सुटलं आहे, हप्ता कमी करून मुदत वाढवा. पोच घ्या. एकरकमी तडजोड होत असेल तर आधी पत्र हातात, मग पैसे. आणि शेवटी "देणं बाकी नाही" असा दाखला. तडजोडीने मिटलेलं खातं क्रेडिट अहवालात "सेटल्ड" दिसतं आणि पुढचं कर्ज अवघड होतं, हे माहीत असू द्या.

तीन. जुन्या कर्जाबाबत घाईत काही लिहून देऊ नका. विनातारण कर्जाच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली की ती मुदत पुन्हा सुरू होते. हे फसवण्यासाठी सांगत नाही. देणं हे देणं आहे. पण सही करताना तिचा अर्थ कळला पाहिजे.

चार. त्रास झाला तर पुरावा ठेवा: तारीख, वेळ, नंबर, रेकॉर्डिंग, साक्षीदार. आधी बँकेच्या तक्रार कक्षात लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर. ग्राहक हेल्पलाइन १९१५. धमकी, घरात घुसणं, बाईमाणसाशी असभ्य बोलणं हा गुन्हा आहे: लगेच ११२, नंतर पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद. भारतीय न्याय संहितेची कलमं ३५१, ३२९ आणि ७९ अर्जात लिहा.

पाच. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात जा. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; पुरुषांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर. हेल्पलाइन १५१००. लोकअदालतीत तडजोड होते, पण तिथे सही केलेला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा.

आणि आपण, बाकीचे

सूरह बकरहच्याच २८० व्या आयतीत अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यायला सांगितलं आहे, आणि माफ करणं त्याहून बेहतर. सूरह तौबामध्ये जकातीच्या आठ हकदारांत "गारिमीन", म्हणजे कर्जात बुडालेले, येतात. रमजानमध्ये आपण रेशनचे किट वाटतो, चांगलंच करतो. पण मोहल्ल्यातल्या एका घराचं मुद्दल गुपचूप फेडून टाकणं हाही जकातीचाच खर्च आहे. कोणत्या कर्जाला देता येईल, व्याजाच्या भागाचं काय, हे आपल्या आलिमांना विचारा, पण विचारा.

तसंच दुसरी बाजू. कोर्टाने मुक्त केलं म्हणून अल्लाहसमोरचं देणं संपलं असं समजू नये. कर्जदाराच्या जनाज्याची नमाज हुजूर (सल्ल.) यांनी स्वतः पढवली नाही, आणि एका सहाबींनी त्या कर्जाची जबाबदारी घेतल्यावरच पढवली, ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पुढे हात चालू लागला तर ज्याचं बुडालं त्याला थोडं थोडं का होईना परत करावं. कायदा सवड देतो. ती सवड फेडण्यासाठी वापरायची असते.

त्या मुलाच्या घरी आम्ही एवढंच केलं: वही लिहिली, कंपनीला एक पानी तक्रार आणि मुदतवाढीचा अर्ज दिला, अ‍ॅपवाल्यांची तक्रार नोंदवली. रात्रीचे फोन बंद झाले. कर्ज माफ झालं नाही. हप्ता लहान झाला आणि मुदत लांबली. त्याची अम्मी आता स्वतः ऑफिसात जाऊन हप्ता भरते, पावती वहीत चिकटवते. दाराला बाहेरून कुलूप नाही आणि पोरगा शाळेत येतो.